तेल-एंजिन आणि पेटण्याची वेळ

[नभोवाणीवरील भाषण]



अमरावती व अकोला या शहरांत राहणाऱ्या पुष्कळ कुटुंबांचें एक पाऊल गांवीं असतें. नोकरी, वकिली, दुकानदारी किंवा मुलांचें शिक्षण यांसाठीं बिऱ्हाड शहरांत. पण ओलिताची चार-दोन एकर जमीन, संत्र्याचा बगीचा किंवा नाल्याकांठची पऱ्हाटी मात्र दर्यापूर, मोर्शी, अकोट, मूर्तिजापूर अशा एखाद्या तालुक्यांत. अशा घरीं हिंवाळा सरतां सरतां एक निरोप ठरल्याप्रमाणें येतो: "एंजिन ठोका मारतें आहे, ओढ राहिली नाहीं, मिस्तरी म्हणतो टायमिंग गेलें." शहरांतील धन्याला टायमिंग म्हणजे काय हें नीटसें ठाऊक नसतें. तो खर्च विचारतो आणि पैसे पाठवून मोकळा होतो. आजच्या भाषणाचा विषय हाच निरोप आहे. टायमिंग म्हणजे काय, तें 'जातें' म्हणजे कोठें जातें, आणि तें खरोखरच गेलें आहे कीं काय याची खात्री पैसे पाठविण्यापूर्वीं कशी करून घ्यावी, एवढेंच मला सांगावयाचें आहे.

कोणी म्हणेल, विजेचे पंप घरोघर झाले, अलीकडे उन्हावर चालणारेहि आले. आतां तेल-एंजिनाचें पुराण कशाला? पण वीज रात्रीं-अपरात्रीं येते आणि ऐन गरजेच्या दिवशीं जाते, हा अनुभव कोणा शेतकऱ्याला नवा नाहीं. शिवाय पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांस अमरावती, अकोला व बुलढाणा या जिल्ह्यांतून जो खारपाणपट्टा पसरला आहे, तेथें विहिरीचें पाणी खारट. पिकाला द्यावयाचें तर नाल्यांतलें, नदींतलें किंवा शेततळ्यांतलें. भाद्रपदांत पावसानें पंधरा दिवस दडी मारली म्हणजे तेथील शेतकरी हलकें एंजिन बैलगाडींत घालून पाण्याकांठीं नेतो. तेथें विजेचा खांब नसतो. म्हणून एंजिनाची खोली अजून ओस पडलेली नाहीं. आणि जें रोज चालत नाहीं, तेंच ऐन वेळीं हटून बसतें.

मूर्तिजापूरहून एका बाजूस अचलपूर व दुसऱ्या बाजूस यवतमाळ अशी जाणारी अरुंद रुळांची 'शकुंतला' वडील मंडळींना आठवत असेल. १९२१ सालीं मँचेस्टर येथें तयार झालेलें वाफेचें एंजिन १९२३ पासून १९९४ पर्यंत तिला ओढीत होतें. त्या एंजिनाचा विस्तव बाहेर, भट्टींत, अखंड पेटलेला असे. आंत जाई ती नुसती वाफ. वाफ सोडण्याचीहि वेळ असतेच, पण ती थोडी मागें-पुढें झाली तर गाडी सुस्त चालते आणि कोळसा अधिक लागतो, यापलीकडे फारसें बिघडत नाहीं. तेल-एंजिनाची गोष्ट निराळी. त्यांत विस्तव सिलिंडरच्या आंत, दर खेपेस नवा पेटवावा लागतो, आणि दर खेपेस विझतो. विहिरीवरचें जुन्या घाटाचें संथ एंजिन मिनिटाला ६५० फेरे घेतें. दोन फेऱ्यांत एकदां पेटावयाचें, या हिशोबानें मिनिटाला ३२५ वेळां, म्हणजे सेकंदाला पांचांहून अधिक वेळां, चूल पेटते आणि विझते. चूल केव्हां पेटवावी हा प्रश्न येथें अर्थातच फार नाजूक होतो.

दट्ट्या अगदीं वर, मिस्तरींच्या भाषेंत 'टॉपवर', पोहोंचला म्हणजे मग तेल पेटवावें असें प्रथमदर्शनीं वाटतें. पण पेटणें ही एका टिचकीची क्रिया नव्हे. ज्वाळा पसरण्यास वेळ लागतो. आणि डीझेल एंजिनांत तर तेलाचा फवारा आंत गेल्यावर तो तापून पेट घेईपर्यंत आणखी क्षणभर विलंब होतो. आगीचा पुरा जोर दट्ट्या टॉप ओलांडून नुकताच खालीं वळत असतां मिळाला पाहिजे, म्हणून पेटविण्याची तयारी टॉपच्या आधींच करावी लागते. किती आधीं? फेऱ्याचे ३६० अंश धरले तर अशा संथ डीझेल एंजिनांत सुमारें २० अंश आधीं. नेमका आंकडा एंजिन बांधणाराच्या पुस्तकांत असतो आणि तोच प्रमाण. ६५० फेऱ्यांच्या चालीला चाक सेकंदांत ३९०० अंश फिरतें. तेव्हां २० अंश म्हणजे सेकंदाचा सुमारें दोनशेंवा हिस्सा. टायमिंग म्हणतात तें हें. तें कोठें दिसत नाहीं, ऐकूं येत नाहीं. दिसतात आणि ऐकूं येतात ते केवळ त्याचे परिणाम. घोटाळ्याचें सारें मूळ येथेंच आहे.

ही वेळ माणसाच्या हातीं यावयास बराच काळ लागला. १८६० सालीं लन्वारनें पॅरिसमध्यें चालविलेल्या एंजिनांत हवा व वायु दाबल्यावांचूनच पेटवीत. १८७६ सालीं ऑटोनें आधीं दाबून मग पेटविण्याची चार धांवांची रीत यशस्वी केली. १८९० सालीं इंग्रज कारागीर अॅक्रॉइड स्टुअर्ट यानें तापलेल्या बिडाच्या गोळ्याच्या धगीनें तेल पेटविण्याचा हक्क नोंदविला; पण तेथें पेटण्याची वेळ बरीचशी गोळ्याच्या उष्णतेवर अवलंबून राही. १८९७ सालीं रुडोल्फ डीझेलचें एंजिन कसोटीस उतरलें; त्यांत ठिणगी नाहीं, गोळा नाहीं, अतिशय दाबलेल्या हवेच्या उष्णतेनेंच तेल पेटतें. ठिणगीच्या एंजिनाला नेमकी वेळ साधून देणारा उच्च दाबाचा मॅग्नेटो श्टुटगार्ट येथील बॉश यांच्या कारखान्यांत १९०२ सालीं झाला, आणि डीझेलला मोजून, वेळेवर तेल देणारा पंपहि त्याच कारखान्यानें १९२७ पासून मोठ्या प्रमाणावर बाहेर पाडला. आपल्याकडे पुण्यास किर्लोस्करांचा तेल-एंजिनांचा स्वतंत्र कारखाना १९४६ सालीं निघाला, आणि बॉशच्या पद्धतीचे पंप बंगलोर येथें १९५१ सालीं स्थापन झालेल्या मायको कंपनींत होऊं लागले. राजकोटच्या कारखानदारांनीं इंग्लंडांतील लिस्टर एंजिनाच्या घाटावर जीं एंजिनें ओतलीं, त्यांचा 'पुक् पुक्' आवाज खेड्यापाड्यांतील पिठाच्या गिरण्यांवरून कित्येकांच्या कानांत अजून असेल.

आतां वेळ चुकली तर काय होतें तें पाहूं. पेटणें फार आगाऊ झालें, तर दट्ट्या वर चढत असतांनाच त्याच्या डोक्यावर आगीचा घाव बसतो. धातूवर हातोडा मारावा तसा कोरडा, कठीण ठोका ऐकूं येतो, आणि चालू करतांना हँडल उलटें मारतें. पेटणें फार उशिरां झालें, तर दट्ट्या खालीं पळत असतां आग त्याच्या मागें लागते. ओढ कमी होते, पाणी लवकर तापतें, सायलेन्सर लाल होऊं पाहतो, आणि न वापरलेली उष्णता धुराड्यावाटे फुकट जाते. पेट्रोल-रॉकेलच्या एंजिनांत उशिराच्या ठिणगीनें सायलेन्सरमध्यें फटाके वाजल्यासारखे आवाज येतात. हीं लक्षणें मिस्तरींना तोंडपाठ असतात, आणि त्यांत खोटें कांहींच नाहीं. फक्त तीं लक्षणें टायमिंगच्या एकट्याच्या मालकीचीं नाहींत, एवढें विसरलें जातें.

ठोक्याचेंच उदाहरण घ्या. नॉझल अडकलें, त्यांतून फवाऱ्याऐवजीं थेंब गळूं लागले, कीं एंजिन ठोकतें आणि काळा धूर सोडतें. दट्ट्याच्या दांड्याचें बेअरिंग झिजलें कीं ठोकतें. हवेची जाळी कपाशीच्या तंतूंनीं आणि धुळीनें भरली कीं ओढ जाते व धूर काळा होतो. तोच काळा धूर पट्टा फार ताणल्यानें किंवा पंप जाम झाल्यानें वाढलेल्या भाराचाहि असतो. पौष-माघांतील थंड पहांटे डीझेल एंजिन पहिलीं कांहीं मिनिटें कडक वाजतें, कारण थंड सिलिंडरांत तेल पेटण्यास अधिक विलंब लागतो, आणि मग सांठलेलें सगळें एकदम भडकतें. तेंच एंजिन वैशाखांत ४५ अंशांच्या उन्हांत पहिल्या फेऱ्यापासून मऊ चालतें. पहांटेच्या त्या आवाजाला भिऊन टायमिंग मागें सरकविणारे महाभाग आहेत. मग उन्हाळ्यांत ओढ कां नाहीं म्हणून ते कपाळाला हात लावतात!

म्हणून माझें पहिलें सांगणें असें आहे कीं, टायमिंग गेलें हा निरोप आला म्हणजे प्रथम उलट विचारावें: "शेवटचें कोणीं उघडलें होतें?" ज्या एंजिनाचा पंप दंतचक्रांवर चालतो, त्याचें टायमिंग एका रात्रींत आपण होऊन बदलत नाहीं. दांत मोजून बसविलेले असतात. ते जागा सोडून हिंडत नाहींत. साखळी असेल तर ती वर्षानुवर्षें सैल होऊन वेळ थोडी मागें पडते. मॅग्नेटोच्या पॉइंटची टाच झिजून फट कमी झाली तर पॉइंट उशिरां उघडतात आणि ठिणगीहि उशिरां पडते. पण हे फरक महिन्यां-महिन्यांनीं, हळू होणारे. काल संध्याकाळपर्यंत नीट चाललेलें एंजिन आज सकाळीं ठोकूं लागलें, मध्यें कोणीं पाना लावला नाहीं, तर कांहीं तरी तुटलें, सुटलें किंवा तुंबलें आहे. टायमिंगचा स्क्रू फिरवून तें जागेवर येणार नाहीं.

दुसरी परीक्षा फुकटची आहे. एंजिन वेगांत चालूं द्यावें आणि पंपाचा दांडा ओढून तेल एकदम तोडावें. जड चाकाच्या जोरावर एंजिन आणखी कांहीं फेरे घेतें. त्या फेऱ्यांत ठोका तत्क्षणीं नाहींसा झाला, तर तो बहुधा आगीचा ठोका. मग नॉझल, तेल आणि टायमिंग यांकडे पाहावें. तेल तुटल्यावरहि ठोका चालूच राहिला, तर तो लोखंडाचा ठोका, आणि त्याचें औषध पंपाकडे नाहीं. (बेअरिंगचा ठोकाहि तेल तोडल्यावर कधीं कधीं नरम पडतो, म्हणून या परीक्षेवर सर्वस्वी भिस्त ठेवूं नये, पण निम्मी वाट तिनें साफ होते.)

मोर्शीकडील एका बगीच्यांत मीं पाहिलेली हकीकत येथें सांगण्यासारखी आहे. संत्र्याच्या आंबिया बहारासाठीं झाडांना महिना-दीड महिना पाणी तोडून ताण देतात आणि जानेवारींत पाणी सोडून तो ताण मोडतात. मग फूल फुटतें. झाडें पुरेशीं ताणावर आलेलीं, पानें मलूल झालेलीं, आणि पाणी सोडण्याच्या दिवशीं एंजिन ठोकूं लागलें. पहिल्या मिस्तरीनें ठोका ऐकून टायमिंग पुढें गेल्याचें निदान केलें आणि पंपाखालीं एकामागून एक पातळ पत्रे घालून वेळ मागें नेली. ठोका गेला नाहीं. सायलेन्सर मात्र तापूं लागला आणि पाण्याची धार निम्मी झाली. दोन दिवसांनीं दुसरा आला. त्यानें चाकावरील खुणेशीं पडताळून पाहिलें, वेळ फारच मागें आहे असें ठरविलें, आणि पत्रे काढून ती पुढें आणली, ती खुणेच्याहि पुढें. दुसऱ्या दिवशीं पहांटे सालदारानें हँडल मारलें. तें उलटलें, आणि त्याचें मनगट मोडलें. नंतर कोणीं तरी तेल तोडून पाहिलें, तेव्हां ठोका चाक थांबेपर्यंत ऐकूं येत होता. चाक आंसावर घट्ट धरणारी चावी सैल झाली होती, आणि दर झटक्याला चाक आंसावर किंचित् हिसका खात होतें. ठोका तो होता. पण त्याहून मोठी गंमत अशी कीं, चाकच जागचें हललेलें असल्यामुळें त्याच्यावरची खूणहि खोटी पडली होती; ज्या साक्षीदारावर दुसऱ्या मिस्तरीनें भरंवसा ठेवला तोच फितूर होता! चावी नवी ठोकून एंजिन रुळावर येण्यांत नऊ दिवस गेले. सालदाराचा हात दोन महिने गळ्यांत राहिला, आणि बगीच्याच्या ज्या भागाला पाणी शेवटीं मिळालें तेथें त्या वर्षीं फूल विरळ आलें.

सैल चावीनें खूण किती हलूं शकते याचा हिशोब साधा आहे. आंसाची जाडी ५ सेंटिमीटर धरा आणि चाकाचा घेर १८० सेंटिमीटर. आंसाजवळ खांचेंत एक मिलिमीटर झीज झाली, तर चाकाच्या कडेवर ती साडेअकरा मिलिमीटर होऊन दिसते. अशा चाकावर एक अंश म्हणजे बरोबर ५ मिलिमीटर. म्हणजे एवढ्याशा झिजेनें खूण दोन अंशांहून अधिक खोटें बोलूं लागते. नव्या चाकावर कारखान्याची खूण असते हें खरें. पण कित्येक एंजिनांचीं चाकें दुसऱ्या एंजिनावरून आणून बसविलेलीं असतात, आणि त्यांवरील खूण कोणाची हें देवाला ठाऊक.

यासाठीं टायमिंगला हात लावण्यापूर्वीं खरा टॉप शोधावा. तो डोळ्यानें सांपडत नाहीं. दट्ट्याची धांव १४० मिलिमीटर असली, तरी टॉपच्या अलीकडे किंवा पलीकडे ५ अंश चाक फिरलें तर दट्ट्या फार तर मिलिमीटरचा तिसरा हिस्सा सरकतो. प्लगच्या भोकांतून तार घालून 'आतां वर आला' असें म्हणणारा मनुष्य त्या दहा अंशांच्या पट्ट्यांत कोठेंहि असूं शकेल. खरी रीत अशी: दट्ट्या वर पोहोंचण्याच्या थोडें आधींच अडेल असा, टोंक गोल केलेला, घट्ट बसणारा अडसर भोकांत बसवावा. चाक हातानें, अगदीं हळू, एका दिशेनें फिरवून दट्ट्या अडसराला टेकला म्हणजे एंजिनाच्या अंगावरील एका ठाम कांट्यासमोर चाकावर खडूची रेघ ओढावी. मग उलट दिशेनें फिरवून दुसऱ्या बाजूनें टेकवावा व दुसरी रेघ ओढावी. दोन रेघांमधील अंतर चाकाच्या घेरावर दोऱ्यानें मोजून त्याचा मध्य काढावा. तो खरा टॉप. दट्ट्या जेथें जलद सरकतो तेथें मोजावयाचें आणि जेथें तो रेंगाळतो तें ठिकाण हिशोबानें काढावयाचें, एवढेंच यांतलें मर्म आहे. भोंक सरळ दट्ट्यावर उघडत नसेल, तर हेड कांहीं कारणानें उतरेल तेव्हांच हें काम उरकून घ्यावें. अडसर काढल्यावांचून हँडलला स्पर्श करूं नये, हें सांगावयास नकोच, तरी सांगतों.

टॉप दोन फेऱ्यांत दोनदां येतो. एकदां दाबाच्या धांवेच्या शेवटीं, एकदां धूर बाहेर टाकण्याच्या धांवेच्या शेवटीं. आपल्याला पहिला हवा. त्या वेळीं दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले असतात आणि चाक फिरवितांना हाताला दाब लागतो.

मग डीझेल एंजिनांत तेल केव्हां सुटतें तें पाहावें. टाकी भरलेली असावी, नळ्यांतील हवा काढून टाकलेली असावी, आणि गव्हर्नरचा दांडा पुऱ्या तेलावर. नॉझलकडे जाणारी नळी पंपाजवळ सोडली म्हणजे पंपाच्या तोंडाशीं तेल स्थिर, किंचित् फुगीर दिसतें. चाक चालत्या दिशेनें हळूहळू फिरवीत त्या तेलावर दृष्टि ठेवावी. ज्या क्षणीं त्याची पातळी थरथरून वर येऊं लागते, तो तेल सुटण्याचा क्षण. तेथेंच थांबून, खऱ्या टॉपच्या खुणेपासून ठाम कांट्यापर्यंतचें अंतर घेरावर मोजावें. वर सांगितलेल्या चाकावर २० अंश म्हणजे १० सेंटिमीटर. क्षण ओलांडला गेला तर नुसतें मागें येऊं नये. पाव फेरा मागें जाऊन पुन्हां त्याच दिशेनें यावें, नाहीं तर दांतांमधील ढिलाई हिशोबांत शिरते. असें तीनदां करावें. तिन्ही वेळां जवळजवळ तेंच माप आलें तर त्यावर विश्वास ठेवावा. माप पुस्तकाप्रमाणें असेल, तर टायमिंग निर्दोष आहे. स्क्रूला किंवा पत्र्यांना हात लावूं देऊं नये, मिस्तरी कितीहि जुना असो! माप चुकलेलें असेल तरच, ज्या पंपाखालीं पत्रे असतात तेथें पत्रा घातल्यानें वेळ मागें जाते व काढल्यानें पुढें येते हें ध्यानांत धरून एकेक पत्र्यानें सुधारावें.

ठिणगीच्या एंजिनाला पातळ कागदाची रीत पुरते. पॉइंटची फट प्रथम पुस्तकाप्रमाणें करून घ्यावी, कारण फट वाढली तर पॉइंट लवकर उघडतात आणि ठिणगी आपोआप पुढें येते. हा क्रम उलटा केला तर दोनदां काम करावें लागतें. मग पतंगाच्या कागदाची चिंधी पॉइंटमध्यें धरून हलकेंच ओढीत राहावें आणि चाक फिरवावें. कागद ज्या क्षणीं सुटतो तो ठिणगीचा क्षण. कागदाचा तंतु आंत राहूं देऊं नये. ज्या मॅग्नेटोंना चालू करतांना ठिणगी मागें धरणारी उसळती जोड असते, तिचा 'खट्' आवाज हँडल हळू फिरवितांना ऐकूं आला पाहिजे. तो नसला तर जोड तेलकटानें चिकटली आहे, आणि पूर्ण वेगासाठीं नेमलेली आगाऊ ठिणगी संथ फिरणाऱ्या हँडलच्या वांट्याला येते. हात मोडण्याचें हें एक नेहमींचें कारण.

हँडलविषयीं थोडें अधिक बोलणें अवश्य आहे. मोटारी हातानें चालू करण्याच्या काळीं सोफर लोकांचें मनगटाजवळील हाड इतक्यांदां मोडे कीं, त्या मोडीला इंग्रजी वैद्यकांत सोफरचेंच नांव पडलें आहे. १९१२ च्या कॅडिलॅक मोटारींत विजेचा स्टार्टर आला आणि तिकडील सोफरांचे हात हळूहळू वांचले. विहिरीवरच्या सालदारासाठीं तो स्टार्टर क्वचितच येतो. म्हणून अंगठा हँडलभोंवतीं कधींहि वळवूं नये. तो बोटांच्याच बाजूला ठेवावा, म्हणजे उलट झटक्याला हँडल हातांतून निसटतें. जोर वर ओढतांना लावावा, खालीं दाबतांना नव्हे. दाब सोडणारा खटका वर करून चाकाला पुरता वेग आल्यावरच तो खालीं पाडावा. हँडलचा खांचा किंवा आंसावरची खुंटी झिजून हँडल वेळेवर सुटत नसेल, तर तें त्या दिवशींच बदलावें. शहरांतील मालकानें एंजिनावर करावयाच्या खर्चांत हा खर्च सर्वांत लहान असतो, आणि तोच बहुतेक ठिकाणीं राहून जातो. मोर्शीच्या त्या सालदाराचें हँडल जुनेंच होतें.

कोंकणच्या किनाऱ्यावर मासे धरावयास जाणाऱ्या होड्यांच्या पोटांत याच जातीचीं डीझेल एंजिनें बसविलेलीं असतात. शोधाची रीत तीच. अडचणी मात्र वेगळ्या. चाक होडीच्या तळाशीं, अंधारांत, भिंतीला लागून. खूण पाहावयास आरसा आणि विजेरी लागते. लाटेवर होडी डोलत असतां पंपाच्या तोंडाशीं तेलाची पातळी स्थिर राहत नाहीं, म्हणून तेल सुटण्याचा क्षण बंदरांत, निवाऱ्याला, पाणी संथ असतांना पाहावा लागतो, आणि पंखा जोडींतून सोडल्यावांचून चाक नीट फिरत नाहीं. बगीच्यांत एंजिन बंद पडलें तर झाडें वाट पाहतात. समुद्रांत बंद पडलें तर वारा होडीला खडकाकडे ढकलीत असतो. तेथील शहाणा तांडेल म्हणूनच हीं मापें हंगाम सुरू होण्याच्या आधीं, होडी किनाऱ्यावर ओढलेली असतांना घेऊन ठेवतो.

आपल्याकडेहि अशी सवड निसर्गानेंच ठेवलेली आहे. आंबिया बहाराच्या बगीच्याला ताण दिलेला असतो तेव्हां एंजिन महिनाभर रिकामें उभें असतें. त्याच दिवसांत एखाद्या रविवारीं बगीच्याच्या धन्यानें मुलांना घेऊन गांवीं जावें, मिस्तरीला समोर बसवून चाकाची चावी ठोकून घट्ट आहे कीं नाहीं तें पाहावें, खरा टॉप काढावा, छिन्नीची बारीक रेघ मारून तिच्यांत पांढरा रंग भरावा, तेल सुटण्याचा क्षण मोजावा, आणि तारीख, माप व पंपाखालील पत्र्यांची संख्या एंजिनाच्या खोलीच्या भिंतीवर काळ्या रंगानें लिहून ठेवावी. एका सकाळचें हें काम आहे. पुढें जानेवारींत निरोप आला, तर फोनवर तीनच गोष्टी विचाराव्या लागतील: कोणीं उघडलें होतें, तेल तोडल्यावर ठोका राहतो का, आणि आज घेतलेलें माप भिंतीवरच्या मापाशीं जुळतें का.